टूरिंग मोटरसायकल घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कराडला राहतो. गेली बारा वर्षं मोटरसायकलवर फिरतोय. पहिली पाच वर्षं १५० सीसीच्या साध्या गाडीवर काढली, पुढची सात टूरिंग गाडीवर. पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात लोक गाडीबद्दल विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं बरेच दिवस मनात होतं. गाडी घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. घेतल्यावर काय मिळतं, तेवढं मी सांगू शकतो.

टूरिंग मोटरसायकल म्हणजे नेमकी कोणती गाडी?

दिवसाला तीनशे-चारशे किलोमीटर जायचं, संध्याकाळी उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघायचं, हे गृहीत धरून बनवलेली गाडी. बसल्यावर पाठ सरळ राहते, हँडल रुंद आणि थोडं वर असतं, मनगटांवर भार येत नाही, गुडघे फार दुमडत नाहीत. टाकी मोठी, पुढे काच, खड्डे पचवणारं सस्पेन्शन, मागे सामान बांधायला कॅरियर. इंजिन असं की ऐंशी-नव्वदच्या वेगाला ते निवांत चालतं, धापा टाकत नाही.

आपल्याकडे हे चित्र बदललं ते २०१६ साली. त्या वर्षी रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन आली आणि वर्षअखेरीस बजाजची डॉमिनार ४००. त्याआधी लांब जायचं म्हणजे बुलेट, नाहीतर आहे त्या गाडीला वेल्डिंगवाल्याकडून कॅरियर जोडून घ्यायचा. डॉमिनारला २०२१ मध्ये कंपनीनेच उंच काच, हँडगार्ड आणि कॅरियर बसवून दिला. मधल्या काळात हिरोची एक्सपल्स २०० आली, २०२२ ला सुझुकीची २४९ सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात हिमालयनचं ४५२ सीसीचं नवं इंजिन. परदेशात टूरिंग म्हटलं की होंडाची १,८३३ सीसीची गोल्ड विंग डोळ्यांसमोर येते. ती सरळ, रुंद महामार्गांची गाडी. आपल्या घाटांना आणि गावातल्या बोळांना वरच्या यादीतल्या गाड्याच जास्त मानवतात.

लोक स्प्लेंडरवर लडाखला जाऊन येतात. मग वेगळी गाडी कशाला?

जातात, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. मीही १५० वर गोव्याला गेलोय, हंपीला गेलोय. गाडी पोहोचवते, त्यात शंका नाही. पण उतरल्यावर तुमच्यात काय शिल्लक राहतं, ते बघा.

कराडहून गोवा साधारण तीनशे किलोमीटर. जुन्या गाडीवरून उतरलो की हातांना मुंग्या यायच्या, कारण पाच-सहा तास इंजिनची थरथर हँडलमधून बोटांत उतरलेली असायची. मान आखडायची. कानात वाऱ्याचा आवाज घुमत राहायचा. लॉजवर पोहोचल्यावर जेवायलाही नको वाटायचं. तोच रस्ता टूरिंग गाडीवर केला आणि संध्याकाळी समुद्रावर चालायला गेलो. टूरिंग गाडीचा सगळ्यात मोठा फायदा विचाराल तर तो हा. वेगाचा इथे फारसा संबंध नाही, वेळ जवळजवळ तेवढाच लागला होता.

याची कारणं साधी आहेत. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० चा वेग १०० केला की छातीवर येणारा रेटा दीडपटीहून जास्त होतो. काच नसली की तो रेटा तुमच्या पोटाचे, मानेचे आणि दंडाचे स्नायू तोलत राहतात, तासन् तास, तुमच्या लक्षातही न येता. दुसरं, ११० सीसीची गाडी ऐंशीला जवळजवळ पूर्ण ताकदीने पळत असते. समोरचा ट्रक ओलांडायला तिच्यात काही उरत नाही. मग तुम्ही लांबून अंदाज घेता, निघता, परत मागे येता. दिवसभरात असं पन्नास वेळा झालं की डोकं शिणतं. हाताशी जास्तीची ताकद असली की ट्रकच्या बाजूला घालवायचा वेळ कमी होतो आणि जीवाला घोर कमी लागतो.

थकलेला माणूस चुका करतो. कोपरा उशिरा ओळखतो, ब्रेक उशिरा दाबतो. म्हणून आरामदायी सीटला मी चैन मानत नाही. ती ब्रेकइतकीच सुरक्षेची वस्तू आहे.

कार असताना मोटरसायकलवर काय जास्त मिळतं?

कोकणात जाऊन बघा. रायगड ते सिंधुदुर्ग सागरी रस्त्याने निघालात की खाड्या आडव्या येतात आणि तिथे जंगल जेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटी, लागतात. राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड. दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. बोटीने काही मिनिटं. सुट्टीच्या दिवशी जेटीवर गाड्यांची रांग असते आणि एका फेरीत मोजक्याच कार मावतात. मोटरसायकल मात्र दोन कारच्या मधल्या फटीत उभी राहते. तवसाळला रांगेतल्या चारचाकी दोन फेऱ्या थांबल्या आणि मी पहिल्या बोटीने पार झालो, असं एकदा नाही, बऱ्याचदा घडलंय.

कोकणातल्या पाखाड्या, वाड्यांतले नारळीपोफळीतून जाणारे जेमतेम एका गाडीचे रस्ते, किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातलं शेवटचं वळण, इथे समोरून एसटी आली की कारवाल्याला पाव किलोमीटर मागे जावं लागतं. मोटरसायकल कडेला घेतली की झालं.

आणि वास. हे कुणी विचारत नाही, पण मला सांगावंसं वाटतं. कुंभार्ली घाट उतरताना हवा बदलते ती अंगाला कळते. वर कोयनेकडे थंड, कोरडी हवा. अर्ध्या घाटात गालावर ओलसर ऊब लागते, शिरगावच्या खाली आलं की शेणाने सारवलेल्या अंगणाचा वास आणि मे महिना असेल तर पिकल्या फणसाचा. काचा बंद करून एसी लावला की हे सगळं बाहेर राहतं.

टोल खरंच लागत नाही का?

राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर दुचाकीला टोल नाही. २००८ च्या शुल्क नियमांत ती सूट दिलेली आहे. पुण्याहून कोल्हापूरला जाताना नाक्याच्या डाव्या कडेला दुचाकीची वेगळी गल्ली असते, तिथून निघा.

पण काही रस्ते आपल्याला बंद आहेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे–वरळी सागरी सेतू, अटल सेतू, यांवर दुचाकीला प्रवेश नाही. नकाशावर रस्ता शोधताना दुचाकीचा पर्याय निवडला नाही तर फोन सरळ द्रुतगतीकडे वळवतो. मुंबईला जाताना खोपोलीहून जुना महामार्ग धरा.

वर्षातून दोनदा जायचं तर भाड्याने घेतलेली काय वाईट?

वर्षातून दोनदाच जायचं असेल तर भाड्यानेच घ्या, मी विकत घ्या म्हणणार नाही. फक्त माझा एक अनुभव ऐका. हिमाचलात एकदा गाडी भाड्याने घेतली होती. गाडी दिसायला चकाचक. पहिल्याच उतारावर मागच्या ब्रेकचा पॅड संपत आल्याचा घासटता आवाज आला. देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, चालेल, परत आणून द्या मग बघू. उरलेले तीन दिवस मी घाटाकडे बघितलंच नाही, फक्त त्या आवाजाकडे कान लावून बसलो.

स्वतःची गाडी अंगवळणी पडलेली असते. तिचा क्लच कुठे पकडतो, किती वाकली की स्टँड टेकतो, चेन सैल झाली की पायाला कशी जाणवते, काटा शेवटच्या घरात आला की अजून किती किलोमीटर जाईल, हे सगळं शरीराला ठाऊक असतं. अवघड रस्त्यावर लक्ष रस्त्याकडे राहतं.

लडाखपुरतं आणखी एक व्यावहारिक कारण आहे. मनालीहून किंवा श्रीनगरहून भाड्याने आणलेली गाडी लेहपर्यंत येते, पण तिथून पुढे नुब्रा किंवा पँगाँगला स्थानिक भाडेवाल्यांच्या संघटना ती नेऊ देत नाहीत. लेहमध्ये दुसरी गाडी भाड्याने घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरच्या, पांढऱ्या पाटीच्या गाडीला ही अडचण येत नाही. आरसीची मूळ प्रत जवळ ठेवा.

आणि एक फायदा रुपयांत मोजता येत नाही. शुक्रवारी रात्री साडेनऊला ठरतं आणि शनिवारी पहाटे पाचला आपण पाटण ओलांडलेलं असतं. गाडी दारात उभी असते म्हणून हे जमतं. भाड्याची गाडी आणायला दुकान उघडायची वाट बघावी लागते, आणि तोवर उन्हं वर आलेली असतात.

किती सीसीची घ्यावी?

दोनशे ते साडेचारशेच्या मध्ये आपल्या रस्त्यांचं सगळं काम होतं. कच्चे रस्ते, गडांच्या पायथ्याची गावं हा तुमचा शौक असेल तर हलकी गाडी घ्या. पडली तर एकट्याने उचलता आली पाहिजे. दोघांनी सामानासकट महामार्गावर जायचं असेल तर साडेतीनशे-चारशे हवी.

अलीकडे या प्रश्नाला करांचाही पदर आला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. आधी मोठ्या गाड्यांना सेससह ३१ टक्के पडायचा. म्हणजे साडेतीनशेची रेघ ओलांडताना खिशाला चांगलंच जाणवतं. आज मला पहिली टूरिंग गाडी घ्यायची असती तर मी अडीचशे सीसीवाल्या आधी चालवून बघितल्या असत्या.

खर्च परवडतो का?

पेट्रोलपासून सुरू करू. माझी गाडी महामार्गावर लिटरला ३० च्या आसपास देते, म्हणजे आजच्या भावाने किलोमीटरला साडेतीन रुपये. दोघं जाणार असाल तर कारच्या निम्म्याच्या आसपास, वर टोल नाही.

विमा मात्र आधी विचारून घ्या. नव्या दुचाकीला सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ साली ठरलेल्या दरांत १५० ते ३५० सीसीला त्याचे ७,३६५ रुपये होतात आणि ३५० च्या वर १५,११७. कर वेगळा. शोरूमवाला ‘ऑन रोड’ किंमत सांगतो त्यात हा आकडा कुठेतरी मिसळलेला असतो, तो वेगळा काढून दाखवायला सांगा.

त्यानंतर टायर. माझा मागचा पहिला टायर चौदा हजार किलोमीटर टिकला, पुढचा त्याहून बराच जास्त. चेन-स्प्रॉकेट तुमच्या हातात आहे. दर पाचशे किलोमीटरला चेन पुसून तेल घातलं तर ती दीडपट चालते, हे मी दोन चेनवर स्वतः पाहिलंय. पावसात भिजली की त्याच संध्याकाळी तेल घाला, पाचशेची वाट बघू नका. गाडीला मेन स्टँड असेल तर हे काम दहा मिनिटांचं. गाडी निवडताना मेन स्टँडकडे कुणी बघत नाही आणि पहिल्या पंक्चरला सगळ्यांना त्याची आठवण येते.

एक खर्च लोक टाळतात, तो टाळू नका: हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट. गाडीच्या किमतीतून हे पैसे आधीच बाजूला काढा. दोन लाखांची गाडी घेऊन सातशेचं हेल्मेट घातलेले लोक दिसतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघून घ्या, आणि डोक्याला घट्ट बसतं का ते दुकानात दहा मिनिटं घालून बघा.

मागे बसणाऱ्याचं काय?

गाडी घ्यायला जाताना मागे जी व्यक्ती बसणार आहे तिला बरोबर न्या. आमच्याकडे मी आधी एकटाच बघून आलो होतो आणि एक गाडी जवळजवळ पक्की केली होती. बायको दुसऱ्या दिवशी आली, मागे बसली, पाच मिनिटांत उतरली आणि म्हणाली, “यावर मी पाटणपर्यंतसुद्धा येणार नाही.” मागची सीट अरुंद आणि पुढे उतरती होती, ब्रेक दाबला की ती माझ्या पाठीवर घसरायची. आम्ही दुसरी घेतली. आज ती माझ्याइतकीच उत्साहाने सहलीची आखणी करते.

मागच्यासाठी बघायच्या गोष्टी: सीट रुंद आणि सपाट आहे का, पाय ठेवायच्या दांड्या गुडघे फार वर येणार नाहीत इतक्या खाली आहेत का, धरायला दोन्ही बाजूंना पकड आहे का. मागे पेटी किंवा घट्ट बांधलेली बॅग असली की पाठीला टेकू मिळतो. हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे. आणि दर तासा-दीड तासाने थांबा, तुम्हाला गरज वाटत नसली तरी. चालवणाऱ्याचं अंग हलत असतं, मागचा नुसता बसलेला असतो, त्यामुळे तो आधी आखडतो.

साडी नेसणाऱ्या आईला नेता येईल का?

माझ्या आईला मी रांजणगाव आणि थेऊर असे दोन गणपती करून आणलं, पण पंजाबी ड्रेस घालायला लावून. उंच गाडीवर एका बाजूला बसून लांबचा प्रवास करू नये. तोल एका बाजूला जातो आणि पदर चेनमध्ये, चाकात अडकण्याची भीती असते.

सामान किती मावतं?

दोघांचं आठ दिवसांचं. जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे सॅडलबॅगच्या तळाशी. हलके कपडे मागच्या बॅगेत. उलट केलं तर घाटात गाडी जड होऊन झुलते. पाठीवर सॅक घेऊन जाऊ नका, दोन तासांनी खांदे भरून येतात. साध्या बंजी कॉर्डवर विसंबू नका, बकल असलेले पट्टे वापरा. सामान बांधल्यावर टायरची हवा पुस्तिकेत ‘दोघं बसल्यावर’ म्हणून जी लिहिलेली असते तेवढी करा आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या. मागे वजन आलं की झोत वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

पावसाळ्यात गाडी पडून राहील ना?

उलट. सह्याद्री बघायचा तर पावसातच. फक्त नियम बदलतात.

पहिल्या सरींत रस्त्यावरचं जुनं तेल वर येतं, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं टपरीवर काढा. पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या आणि पुलाचे सांधे यांवर गाडी वाकवू नका. घाटात रोजच्या निम्मं अंतर ठरवा. आणि निघण्यापूर्वी घाट सुरू आहे का ते विचारा. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवण्याची वेळ वरचेवर येते. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आलेला असतो, तो वळणावर दिसत नाही.

एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं, मोल इथे कळतं. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं आहे, पण काही गाड्यांना फक्त पुढच्या चाकाला असतं. टूरिंगसाठी दोन्ही चाकांना असलेलीच घ्या. आंबोलीत एकदा ओल्या वळणावर म्हैस आडवी आली. मी दोन्ही ब्रेक दाबले तेवढेच आठवतात. गाडी सरळ राहिली, थांबली, म्हैस निघून गेली.

रात्री चालवावी का?

नाही. आमच्या भागात तर नोव्हेंबर ते मार्च अजिबात नाही. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि उसाचे शेंडे बाहेर आलेले. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठता येईल असंच अंतर आखा.

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. झेपेल का?

झेपेल, पण चालवून बघितल्याशिवाय ठरवू नका. आकडा बघायचा तो सीटच्या उंचीचा. जुन्या ४११ हिमालयनची आणि डॉमिनारची ८०० मिलिमीटर, नव्या हिमालयनची ८२५, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५. पण सीट पुढे किती निमुळती आहे यावरही पाय पोहोचणं अवलंबून असतं. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं नाही. एक पाय पूर्ण टेकला आणि गाडी सरळ उभी धरता आली तरी पुरे. आमच्याबरोबर येणाऱ्या एक शिक्षिका याच उंचीच्या आहेत आणि चारशेची गाडी घाटात माझ्यापेक्षा सफाईने वळवतात. त्या थांबण्यापूर्वी जागा निवडतात. उताराच्या बाजूला पाय टाकावा लागेल अशा ठिकाणी थांबतच नाहीत.

पन्नाशी उलटली आहे, कंबरेचा त्रास आहे. आता नवी सुरुवात करावी का?

कंबरेबद्दल डॉक्टरांना विचारा, मला नाही. त्यांनी हरकत घेतली नाही, तर सरळ पाठीने बसायची टूरिंग गाडी ही पुढे झुकून चालवायच्या गाडीपेक्षा नक्कीच सोपी. खड्डा आला की पायांच्या दांड्यांवर उभं राहा, दणका गुडघे पचवतील. रोज सकाळी दहा मिनिटं पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, आणि प्रवासात दर तासाला पाणी. वाऱ्यात घाम दिसत नाही, लगेच सुकतो, म्हणून तहान लागली नाही तरी शरीर कोरडं पडत जातं. माझ्या बऱ्याच डोकेदुख्या पाण्याने गेल्या.

रोज कामावर नेता येते का?

येते. वजन जास्त, गर्दीत इंजिनची धग पायाला लागते, पार्किंगला जागा जास्त लागते. मी रोजला स्कूटर वापरतो.

आडवाटेला बंद पडली तर?

स्वतःच्या गाडीचा फायदा इथेच कामी येतो, कारण काय तुटू शकतं हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

कुंभार्लीत माझी क्लच केबल तुटली. संध्याकाळचे पाच, धुकं, वर-खाली दहा किलोमीटर गॅरेज नाही. पण कोल्हापूरच्या एका जुन्या मिस्त्रींनी शिकवलेली गोष्ट मी करून ठेवली होती: नवी केबल जुनीच्या शेजारूनच ओवून, टोकांना टेप लावून ठेवायची. तुटली की फक्त टोकं जोडायची. वीस मिनिटांत निघालो.

जवळ काय असावं: क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक केबल, फ्यूज, चेनचा जोड, लिव्हरची जोडी, चिकटपट्टी, गाडीच्या मापाचे पाने, हवेचा छोटा पंप. ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट. तारांची चाकं आणि ट्यूब असेल तर दोन टायर लिव्हर आणि स्वतःची ट्यूब जरूर. पुढचं चाक २१ इंची असेल तर त्या मापाची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे सहसा मिळत नाही. त्याच्याकडे कसब असतं, माप नसतं. ट्यूब तुम्ही द्या, बाकीचं तो तुमच्यापेक्षा चांगलं करेल.

आणि हे सगळं घरी, अंगणात, एकदा स्वतः करून बघा. मागचं चाक काढून परत बसवायला मला पहिल्यांदा पावणेदोन तास लागले. आता अर्धा तास पुरतो.

लडाखला स्वतःची गाडी कशी न्यायची?

चालवत गेलात तर राजस्थान आणि पंजाब मोफत बघून होतात, फक्त येण्याजाण्याचे सात-आठ दिवस जास्तीचे काढावे लागतात. तेवढी रजा नसेल तर रेल्वे. त्याच गाडीचं तिकीट असेल तर मोटरसायकल ‘लगेज’ म्हणून जाते, नसेल तर ‘पार्सल’ म्हणून. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसीची आणि ओळखपत्राची प्रत द्यावी लागते, आणि गोणपाटात बांधून घ्यावी लागते. आरसे आधी काढून बॅगेत टाका, ते हमखास तुटतात. उतरल्यावर ओतायला पेट्रोल कुठे मिळेल ते आधी विचारून ठेवा.

मनालीहून गेलात तर २०२० साली सुरू झालेल्या ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग चढावा लागत नाही. पुढे टांडीला पंप आहे. तिथे पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी होती आणि तिच्याशेजारी फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. मोठी टाकी कशाला हवी, याचं उत्तर त्या पाटीवर लिहिलेलं होतं. उंचावर हवा विरळ होते तेव्हा कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या गुदमरतात. आताची फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण स्वतः जुळवून घेते. ताकद थोडी कमी होते, पण चालत राहते. माणसाला मात्र तशी सोय नाही. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस काही करू नका.

गाडी घेतली. पहिली सहल कुठे करू?

आधी पहिली सर्व्हिसिंग होऊ द्या, तोवर इंजिन ताणू नका. मग जवळची, दोन दिवसांची. कराडकरांना आणि साताऱ्याकडच्यांना मी ही सांगतो: पहाटे निघायचं, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूणला मिसळ. तिथून गुहागर, व्याडेश्वराचं दर्शन, दुपारी वेळणेश्वर, संध्याकाळी हेदवी आणि तिथेच एखाद्या घरगुती मुक्कामी राहायचं. जेवायला किती जण ते दुपारीच फोन करून सांगा, भात त्या हिशोबाने लावतात. दुसऱ्या दिवशी तवसाळहून बोटीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, रत्नागिरी, आंबा घाट चढून शाहूवाडीचं मलकापूर, कोकरूड, उंडाळे आणि घर. घाट, समुद्र, खाडी, कच्चा तुकडा, महामार्ग, सगळं यात येतं, आणि गाडीची सीट, काच, सामानाची बांधणी यांत काय बदलायचं ते दोन दिवसांत कळतं.

तवसाळला सकाळची पहिली बोट धरा. जेटीच्या उतारावर भरतीचं पाणी येऊन गेलेलं असतं आणि दगडांवर शेवाळ असतं. मागच्या माणसाला आधी उतरवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये सरळ रेषेत न्या आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नका. बोटीत साइड स्टँडवर लावली तर गिअरमध्येच ठेवा आणि शेजारी उभे राहून हँडल धरा.